परसातील पिल्ले आणि करडे : पहिला महिना सांभाळा

सोलापूर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात पावसाने ओढ दिली की घरखर्चाला आधार होतो तो दोन-चार शेळ्यांचा आणि परसातल्या कोंबड्यांचा. उस्मानाबादी शेळी इथल्या उन्हात आणि कमी चाऱ्यावर टिकते, बऱ्याचदा जुळी करडे देते. मात्र ती सुमारे 150 दिवस गाभण असते. जुळ्यातले एक करडू दगावले, तर पाच महिन्यांच्या सांभाळाचे निम्मे उत्पन्न गेले. पिल्ले आणि करडे दोन्हींना पहिल्या महिन्यात सर्वाधिक धोका असतो. यातील बरीच मरतूक टाळता येते.

पिल्लांना ऊब

- 25 पिल्लांसाठी पत्रा किंवा पुठ्ठा वापरून 4 फूट व्यासाचे, दीड फूट उंच गोल कडे करावे. कोपरे ठेवू नयेत. कोपऱ्यात पिल्ले एकमेकांवर चढून गुदमरतात.
- खाली 2 इंच भुईमुगाची कोरडी टरफले किंवा लाकडाचा भुसा पसरावा. पहिले 2-3 दिवस त्यावर कागद अंथरावा.
- प्रति पिल्लू 2 वॅट या हिशेबाने 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावावा. एलईडी दिव्याने उजेड मिळतो, पुरेशी ऊब मिळत नाही.
- पहिल्या आठवड्यात तापमान 33 ते 35 अंश ठेवावे, पुढे दर आठवड्याला सुमारे 3 अंशांनी कमी करावे.

थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे पाहावे. बल्बखाली गर्दी केली तर थंडी वाजते आहे. चोच उघडी ठेवून कडेला पळाली तर उष्णता जास्त आहे. सगळीकडे पसरून दाणे टिपत असतील तर ऊब योग्य आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी बल्ब बंद ठेवावा, रात्री गरजेनुसार लावावा. वीज गेल्यावर कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नये. त्या वायूने पिल्ले मरतात, माणसालाही धोका असतो.

लस शेजाऱ्यांसोबत घ्या

मानमोडीसाठी 5 ते 7 व्या दिवशी लासोटा, 14 व्या दिवशी गंबोरो आणि 28 व्या दिवशी पुन्हा लासोटा लस द्यावी. लसीच्या कुपीत अनेक पिल्लांच्या मात्रा असतात आणि मिसळलेली लस साठवता येत नाही. त्यामुळे 25 पिल्लांसाठी कुपी आणणे परवडत नाही आणि लसीकरण राहून जाते. वस्तीवरील चार-पाच घरांनी एकाच दिवशी पिल्ले आणावीत व एकत्र लस द्यावी. लस बर्फातूनच आणावी.

करडू जन्मल्यावर

- नाकातोंडातील चिकटा पुसावा. नाळ दोऱ्याने बांधून, स्वच्छ पात्याने कापून टिंक्चर आयोडीन लावावे.
- पहिल्या तासाभरात चीक पाजावा. दिवसभरात वजनाच्या 10 टक्के, म्हणजे अडीच किलोच्या करडाला सुमारे 250 मिली चीक, 3-4 वेळा विभागून द्यावा.
- जुळ्यातील अशक्त करडू मागे पडते. त्याला स्वतः सडाला लावावे.
- थंडीत खाली कोरडे अंथरूण व वाऱ्याच्या बाजूला पोत्याचा पडदा असावा.
- दोन-तीन आठवड्यांनंतर शेवरी किंवा सुबाभळीचा कोवळा पाला टांगून ठेवावा.

पीपीआर व आंत्रविषाराची लस साधारण 3 महिन्यांनंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. मोठ्या शेळ्यांना आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात टोचून घ्यावी.

दोन्ही एकाच परसात असतील तर

कोंबड्यांचे खाद्य जाळीआड ठेवावे. शेळीने ते किंवा धान्य जास्त खाल्ले तर पोटात आम्लता वाढून ती दगावू शकते. चारा टांगावा आणि पाण्याचे भांडे उंचावर ठेवावे, म्हणजे त्यात विष्ठा पडणार नाही. कोंबड्यांची रक्ती हगवण करडांना लागत नाही. करडांचा हगवणीचा जंतू वेगळा असतो. मात्र दोन्हींचे जंतू ओल्या जागेत वाढतात, म्हणून जमीन कोरडी ठेवणे हा दोघांसाठी एकच उपाय आहे.

करडू दूध पिणे सोडत असेल किंवा एकाच दिवशी दोन-तीन पिल्ले मेली, तर वाट न पाहता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा. मेलेली पिल्ले उघड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावीत.