बातमी आणि पाहुणा

सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर तालुक्यात, सावदा हे गाव आहे. काळी कसदार जमीन आणि दूरवर पसरलेल्या केळीच्या बागा ही या भागाची ओळख होय. झाडावर हिरवी असतानाच कापलेली केळी येथून उत्तरेकडील बाजारपेठांत जातात. सावदा स्थानकावरून आगगाडीने दिल्लीकडे जाणाऱ्या केळीची तर मोठी ख्याती आहे. केळीचे भाव जाहीर होतात व ते वर्तमानपत्रांतही छापून येतात. परंतु छापलेला भाव आणि प्रत्यक्ष पदरात पडणारा भाव यांत अंतर असते, ही येथील शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. त्यामुळे या गावातील शेतकऱ्याच्या मुलाला एक धडा शाळेत जाण्यापूर्वीच मिळतो. वर्तमानपत्र वाचावे, आणि मग संध्याकाळी शेतावरून परतलेल्या वडिलांना विचारावे, “आज भाव खरोखर काय मिळाला?”

ही बातमी घरच्या घरी पडताळता येते. परंतु ज्या माणसांना आपण कधी पाहिले नाही, ज्यांची बोली आपल्या कानांस परकी वाटते, त्यांच्याविषयी काही ऐकू आले म्हणजे विचारावे कोणाला?

या प्रश्नाचे उत्तर वेळीच न शोधल्यास काय घडते, हे खानदेशाने पाहिले आहे. २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याची अफवा भ्रमणध्वनींवरून गावोगाव पसरली होती. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातून आलेले, भिक्षा मागून उदरनिर्वाह करणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण तेथे उतरले. जमावाने त्यांना मुले पळविणारे ठरविले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि इतके मारले की पाचही जण प्राणांस मुकले. ते निरपराध होते. त्यांतील बहुतेक याच महाराष्ट्रातले होते. तरीही त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याइतकी सवड कोणाला झाली नाही.

त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एकीची हकीकत मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुचाकीवरून आलेली माणसे रस्त्यावरील मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसत असे. मूळ चित्रफीत पाकिस्तानातील कराची येथे, पालकांनी मुलांना जपावे या हेतूने, तयार झालेली होती. तिच्या अखेरीस ती माणसे मुलाला परत आणून सोडतात व हा केवळ इशारा असल्याचा फलक दाखवितात. कोणीतरी तो शेवट तेवढा कापून टाकला. उरलेला भाग पाहणाऱ्याला डोळ्यांनी पाहिल्याचे समाधान मिळाले, परंतु जे पाहिले ते मात्र खरे नव्हते. पुढे संदेश पुढे धाडण्यावर व्हॉट्सअॅपने मर्यादा घातली. तथापि यंत्रावर घातलेली मर्यादा मनातील संशयापर्यंत पोहोचत नाही.

अफवेला दोन गोष्टींचे पाठबळ लागते: बातमी न तपासण्याची सवय, आणि दुसऱ्या माणसाविषयीचे अज्ञान. या दोहोंवर शाळेतच उपाय करावा, असा विचार याच भूमीवर पूर्वी झालेला आहे.

पांडुरंग सदाशिव साने हे मूळचे कोकणातील पालगडचे. १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. खेड्यापाड्यांतून शिकावयास आलेल्या मुलांच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, आणि तेथे त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे एक हस्तलिखित दैनिक सुरू केले. दिवसभर शिकवावे, मुलांचे दुखलेखुपले पाहावे आणि सवड काढून दुसऱ्या दिवसाचा अंक स्वतःच्या हाताने लिहून काढावा, असा त्यांचा क्रम असे. जगातील घडामोडी, थोरांचे विचार आणि छात्रालयातील साध्यासुध्या गोष्टी या साऱ्यांना त्यात स्थान होते. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही काढले.

एका प्रतीच्या या दैनिकाचे महत्त्व आज अधिक जाणवते. त्याचा लेखक, त्याचे वाचक आणि त्यातील पुष्कळशा मजकुराचा विषय हे सारे एकाच छताखाली राहत होते. लिहिण्यात काही चूक झाली तर ज्याच्याविषयी लिहिले तो मुलगा जेवणाच्या पंगतीत शेजारीच बसलेला असे. बातमीमागे एक लिहिणारा हात असतो, हे कळण्यासाठी याहून सोपी शाळा कोणती? मोठ्या वर्तमानपत्राचा वाचक हा हात पाहू शकत नाही. भ्रमणध्वनीवरील संदेशात तर तो पुष्कळदा लपविलेलाच असतो.

१९३० साली सानेगुरुजींनी नोकरी सोडली व ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. सरकारने त्यांना धुळ्याच्या व नंतर दूर दक्षिणेतील त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवले. तेथे निरनिराळ्या प्रांतांचे सत्याग्रही एकत्र होते. आपण एका देशासाठी तुरुंगात आलो, पण परस्परांची भाषा आपल्याला येत नाही, याची खंत गुरुजींना वाटली. ते तेथे तमिळ शिकले, आणि पुढे तिरुवळ्ळुवराचा ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणला. १९३६ च्या डिसेंबरात सावद्याच्या शेजारीच, फैजपूर येथे, काँग्रेसचे अधिवेशन भरले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन होय. त्याच्या तयारीसाठी गुरुजी गावोगाव हिंडले. बंगालमधून आलेले चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून तेथील नगर सजविले. सर्व प्रांतांतील माणसे खानदेशच्या एका गावाची पाहुणी झाली.

या अनुभवांतूनच ‘आंतरभारती’ची कल्पना वाढीस लागली. एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तेथील साहित्य वाचावे, एकमेकांच्या सहवासात राहावे, असे त्यांना वाटे. १९४९ साली पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनात त्यांनी ही कल्पना मांडली. पुढील वर्षी, ११ जून १९५० रोजी, त्यांचे निधन झाले, आणि मनातील संस्था उभी राहिलेली त्यांना पाहता आली नाही.

योगायोग असा की, त्याच सुमारास युरोपही याच प्रश्नाशी झगडत होता. फ्रान्स आणि जर्मनी सत्तर वर्षांत तीनदा एकमेकांशी लढले होते, आणि प्रत्येक वेळी शेजाऱ्याविषयीचा द्वेष वर्तमानपत्रांतून व पाठ्यपुस्तकांतूनही पोसला गेला होता. २२ जानेवारी १९६३ रोजी दोन्ही राष्ट्रांनी मैत्रीचा करार केला व त्याच वर्षी तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी एक संयुक्त कार्यालय स्थापन केले. तेव्हापासून लक्षावधी मुले सीमेपलीकडील शाळांत व घरांत राहून आली. २००६ साली तर दोन्ही देशांच्या विद्यार्थ्यांसाठी इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक दोन भाषांत निघाले. पुढे युरोपातील शाळा संगणकाद्वारेही जोडल्या गेल्या. या उपक्रमाचा २०२१ सालचा विषय माध्यमांची पारख आणि खोटी माहिती हाच होता. एकाच घटनेचे आपल्या देशातील व परदेशातील वृत्तांत शेजारी शेजारी ठेवून वाचले, की कोणी काय गाळले ते मुलांना स्वतःच दिसू लागते.

आपल्याकडे अशी व्यवस्था जवाहर नवोदय विद्यालयांत आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानुसार जिल्ह्याजिल्ह्यांत निघालेल्या या निवासी शाळांत प्रामुख्याने ग्रामीण भागातील मुले सहावीपासून शिकतात. नववीच्या वर्गातील सुमारे ३० टक्के विद्यार्थी एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातील नवोदय विद्यालयात जातात, आणि तेथील तितकेच येथे येतात. बाराचौदा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सोपी नसते. ताटातली भाकरी जाते, रात्री घरची आठवण येते, आणि आईवडिलांचाही धीर सुटतो. परंतु वर्षभर ज्याच्या शेजारच्या खाटेवर झोपलो, त्याच्या मुलखाविषयी काही भलतेसलते कानांवर आले, तर आता विचारण्यास एक माणूस असतो.

समजा, हिंदी मुलखातला असा एखादा मुलगा सुटीत मित्राबरोबर सावद्यास आला. घड कापताना त्याने पाहिला, फण्या सुट्या करून भरलेली पेटी उचलून पाहिली, आणि दिवसाचा भाव ऐकून मित्राचे वडील काही क्षण गप्प झालेलेही पाहिले. काही महिन्यांनी दिल्लीच्या बाजारात केळी महागल्याची बातमी त्याच्या वाचनात येईल. तेव्हा तो मित्राला पत्र लिहून विचारील: इकडे केळी महाग झाली आहेत, तुमच्या घरी भाव किती आला?