फुगा, कडक आणि बाकीचं

सकाळी नऊच्या सुमारास पुण्यातल्या कुठल्याही जुन्या पेठेत किंवा नव्या उपनगरात गेलात, तरी ढकलगाडीच्या आडोशाला दोघी-तिघी कचऱ्यापाशी बसलेल्या दिसतील. आपण 'सुका' म्हणून दिलेली बादली त्यांच्या पुढ्यात उपडी झालेली असते. घरच्या गप्पा चालू असतात आणि हात आपलं काम करत असतात. दुधाची पिशवी एका गोणीत, पुठ्ठा पायाखाली चपटा होऊन दुसरीकडे. पाण्याची बाटली कुठल्याही कंपनीची असली तरी ती 'बिसलरी'. शाम्पूची बाटली दाबली की दबते आणि पुन्हा वर येते, म्हणून ती 'फुगा'. वाकवल्यावर टचकन मोडणारी डबी 'कडक'. एकदा एका मावशींनी झाकणाचा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वाकवा. आवाज ऐका." मला दोन झाकणांत काही फरक कळला नाही. त्यांना तो न बघता कळत होता.

कारखान्याचं सगळं गणित या निवडीवर उभं आहे. बाटलीचं पेट प्लास्टिक वितळवायला अडीचशे अंशांच्या वर जावं लागतं. त्यात पीव्हीसीचा तुकडा चुकून गेला, तर तो त्याआधीच करपतो, त्यातून आम्ल सुटतं आणि सगळा घाणा पिवळा पडतो. म्हणूनच एकत्र कालवलेल्या प्लास्टिकला कवडीची किंमत मिळते आणि निवडलेल्याला भाव येतो.

निवडलेला माल गल्लीतल्या भंगारवाल्याकडे जातो, त्याच्याकडून मोठ्या व्यापाऱ्याकडे. तिथे यंत्रात दाबून गासड्या बांधतात आणि ट्रक भरतात. पुठ्ठा वापीसारख्या ठिकाणच्या कागद गिरण्यांत जातो, पाण्यात घुसळून त्याचा लगदा होतो आणि पुन्हा खोकी बनतात. प्रत्येक फेरीत कागदाचे तंतू आखूड होत जातात. पाच-सात फेऱ्यांनंतर ते एकमेकांना धरत नाहीत. अॅल्युमिनियमचं तसं नाही. डबा कितीदाही वितळवा, खनिजापासून नवा धातू काढायला लागते त्याच्या जेमतेम पाच टक्के ऊर्जेत काम होतं.

मला सगळ्यात देखणा वाटतो तो बाटल्यांच्या कारखान्यातला पाण्याचा हौद. बाटल्या झाकणांसकट दळून त्यांचा चुरा हौदात सोडतात. बाटलीचं प्लास्टिक पाण्याहून जड, ते तळाशी जातं. झाकणाचं हलकं, ते वर तरंगतं. निळ्या-पांढऱ्या-लाल कणांचा थर पृष्ठभागावर जमतो, तो वरच्यावर काढून घेतात. तळाचे काचेसारखे कण गरम सोड्याच्या पाण्यात धुऊन सुकवतात. पुढे त्यांचा धागा ओढतात, आणि तो उशीत, रजईत, टी-शर्टात येतो.

पण या साखळीतलं पहिलं माणूस कोण, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बहुसंख्य बायका दलित समाजातल्या. त्यांतल्या कित्येकींची घरं ७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आली. उकिरड्यावरून माल वेचायचा आणि वर चोरीचा आळ सोसायचा, अशी वर्षं गेली. १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या पूर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण यांच्या साथीने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. नावच मालाची यादी आहे. त्या यादीत प्लास्टिक नाही, आणि आज गोणीत जास्त करून तेच असतं. पुढे याच बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. दारोदारी कचरा उचलण्याबद्दल घरटी शुल्क मिळतं, आणि सुका माल विकण्याचा हक्क त्यांचाच राहतो. हा हक्क मी फार मोठा मानतो. कचरा कुणाच्या मालकीचा, याचा निकाल या शहरात त्याला हात लावणाऱ्या बाईच्या बाजूने लागला.

'बाकीचं', म्हणजे कुणी विकत न घेणाऱ्या मालाची गोणी, मात्र वाढतच चालली आहे. वेफर्सच्या पुड्यात प्लास्टिकवर धातूचा पातळ मुलामा असतो, तो सोडवणं कुणाला परवडत नाही. म्हणून भंगारवाला तो घेत नाही. शेवटी त्यातलं काही सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जळतं, उरलेलं कचरा डेपोवर पडतं. सॅनिटरी पॅड उघडे टाकले तर तेही याच बायकांच्या हाताला लागतात. वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या, एवढीच त्यांची मागणी होती. कित्येक घरांत आजही ते होत नाही.

दुपारी बाराला भंगाराच्या दुकानात काटा लागतो. दुकानदार दुधाच्या पिशव्यांच्या गोणीत कोपरापर्यंत हात घालतो, बाहेर काढून बघतो. हात ओला निघाला की एकूण वजनातून किलो-दीड किलो वजा होतो. कुणीतरी पिशवीत घोटभर दूध तसंच ठेवलेलं असतं. मावशी काही बोलत नाहीत, रिकामी गोणी झटकून तिची घडी घालतात.