भिडूची खूण न कळणारा संगणक

बुद्धिबळात संगणकाने 1997 मध्ये गॅरी कास्पारोव्हला हरवले, 2016 मध्ये ‘गो’ या खेळात ली सेडॉलला. ब्रिज खेळणाऱ्या प्रोग्रामची जागतिक स्पर्धाही 1997 मध्येच सुरू झाली. तरीही नाशिकमधला एखादा मुरलेला ब्रिजपटू आजही संगणकाच्या बचावाला नावे ठेवू शकतो.

मार्च 2022 मध्ये पॅरिसला ‘नूक’ या प्रोग्रामने आठ जगज्जेत्यांवर मात केली, 80 पैकी 67 फेऱ्या जिंकून. बातमी गाजली, पण तिच्यातली मेख मागेच राहिली. या सामन्यात बोली नव्हती आणि बचावही नव्हता. नूकने आणि जगज्जेत्यांनी फक्त बोली जिंकणाऱ्याच्या बाजूने पाने खेळली. बचावाला दुसराच प्रोग्राम बसवला होता.

बचाव इतका अवघड का? मेंढीकोट खेळलेल्यांना हे पटकन कळेल. ब्रिजमध्ये बोली जिंकणाऱ्याच्या भिडूची पाने सर्वांसमोर उघडी मांडतात. त्यामुळे आपली 13 आणि ती 13 अशी 26 पाने प्रत्येकाला दिसतात. उरलेली 26 दोघांत वाटली जाण्याचे 1,04,00,600 प्रकार होतात. हा आकडा दोन्ही बाजूंना सारखाच. पण बोली जिंकणारा आपले दोन्ही हात स्वतःच खेळतो, तर बचाव करणाऱ्याला स्वतःच्या भिडूकडे काय आहे तेच माहीत नसते.

संगणक यावर एक युक्ती करतो. बोलीशी जुळतील असे शेकडो डाव मनाशी वाटतो, प्रत्येक डाव चौघांची पाने उघडी आहेत असे धरून सोडवतो आणि सरासरीत जे पान चांगले ठरेल ते टाकतो. गणित अचूक असते, चूक गृहीतात असते. समजा, बदामचा राजा आणि दश्शी समोरच्या उघड्या हातात आहेत, एक्का आणि गुलाम बोली जिंकणाऱ्याकडे, आणि राणी तुमच्याकडे. राणी कोणाकडे, हे त्याला ओळखावे लागणार. अंदाज चुकला की एक हात तुमचा. म्हणून माणूस बदामला हातच लावत नाही. संगणकाच्या मनातल्या प्रत्येक डावात मात्र समोरच्याला राणी दिसतेच! मग ती गेलीच असे समजून तो स्वतःच बदामची उतारी करतो आणि समोरच्याचे कोडे फुकटात सोडवून देतो.

खुणांचेही तेच. डोळा मारणे ही फसवणूक. पण भिडूने खेळलेल्या रंगात मोठे पान टाकून ‘हाच रंग पुन्हा आण’ असे सुचवणे नियमात बसते, फक्त त्या पानाचा अर्थ प्रतिस्पर्ध्यांपासून लपवायचा नाही. ज्या प्रोग्रामच्या लेखी भिडूला सगळी पाने दिसतातच, त्याला खूण करण्यात काय हशील? तो हाताला येईल ते लहान पान टाकतो. काही प्रोग्राममध्ये खुणांचे नियम वेगळे लिहून घातलेले असतात, पण भिडूने ही सत्ती मुद्दाम टाकली की नाइलाजाने, हा विचार त्या नियमांत मावत नाही.

मोबाइलवर यंत्राला भिडू करून ब्रिज शिकणाऱ्यांना हे ठाऊक असलेले बरे. बोली जिंकून डाव कसा करावा, याचा सराव तिथे उत्तम होतो. बचाव मात्र तीन माणसे जमवूनच शिकावा, कारण यंत्रासमोर खुणा करून उत्तर मिळेनासे झाले की शिकणाराही हळूहळू खुणा करणे सोडून देतो.