हंस झाला घरजावई

न्यू जर्सीत, एडिसनच्या रूझवेल्ट पार्कमध्ये सकाळी चालायला गेलं, की देशातून लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा लांबूनच ओळखू येतात. पायात नवे कोरे पांढरे बूट, अंगात जावयाचं ढगळ जॅकेट आणि नजर खाली जमिनीवर. एकेक पाऊल जपून, लंगडी खेळल्यासारखं. कारण फरसबंदीवर जिकडेतिकडे हिरवट-करड्या कांड्या पडलेल्या. त्या कांड्यांचे मालक तळ्याकाठी हिरवळ खुडत असतात. काळी मान, हनुवटीखाली पांढरा पट्टा, तपकिरी अंग. “अहो, केवढाली बदकं!” असं कुणी म्हणायचा अवकाश, त्यातला एक मान लांब करून नागासारखा फुत्कारतो.

फुत्कारणारच. बदक कुणाला म्हणता? हा कॅनडा गूज, म्हणजे हंसांच्या कुळातला. संस्कृतातला हंस, जर्मन भाषेतला गान्स आणि इंग्रजीतला गूज हे तिन्ही शब्द एकाच मुळातून फुटलेले, सख्खी चुलत भावंडंच. दमयंतीकडे नळाचा निरोप नेणारा तो आपला हंस. अनेक अभ्यासकांच्या मते जुन्या काव्यांतला हंस म्हणजे पट्टकादंब, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला. तो हिमालय ओलांडून हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर, भिगवणला उतरतो आणि उन्हं तापायच्या आत परततो. पाहुण्यानं कसं असावं, तर असं. न्यू जर्सीतला पाहुणा मात्र सासुरवाडीलाच राहिला.

परतीची वाट कुणी पुसली?

पूर्वी अमेरिकेतले शिकारी पाळलेले हंस पाण्याकाठी बांधून ठेवत. त्यांचा आवाज ऐकून आभाळातले रानहंस खाली उतरत आणि बंदुकीच्या टप्प्यात येत. 1935 साली सरकारनं या प्रकाराला बंदी घातली. मग या बांधलेल्या हंसांचं करायचं काय? बरेचसे सोडून दिले गेले. गंमत अशी, की हंसाचं पिल्लू स्थलांतराची वाट आई-बापांच्या मागं उडून शिकतं. ज्यांचे आई-बापच कधी उत्तरेला गेले नाहीत, त्यांची पुढची पिढी जाणार कुठे? जिथे जन्मली तिथेच तिनं बिऱ्हाड थाटलं.

यांच्यातली सगळ्यात थोराड जात तर संपली, असंच सगळे धरून चालले होते. 1962 च्या जानेवारीत हॅरॉल्ड हॅन्सन हा पक्षितज्ज्ञ मिनेसोटातल्या रॉचेस्टर शहरात सिल्व्हर लेकवरचे हंस तोलत होता. वजनं इतकी भरली, की तराजूच बिघडला असणार, असं वाटलं. मग साखरेच्या आणि पिठाच्या पिशव्या आणून त्या तोलून पाहिल्या. तराजू ठणठणीत होता. ‘नामशेष’ झालेले ते महाकाय हंस भर शहरात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पोहत होते! वीजकेंद्रातून सुटणाऱ्या कोमट पाण्यामुळे ते तळं कडाक्याच्या थंडीतही गोठत नसे. गरम पाण्याची सोय असेल, तर कोण हलतंय हो?

पुढे राज्याराज्यांनी हौसेनं ही जात वाढवली आणि सोडली. आता तीच राज्यं कपाळाला हात लावून बसली आहेत.

हिरवळ आपली, ताट त्यांचं

हंसाला हवं तरी काय असतं? कोवळं, आखूड गवत. बाजूला पाणी. आणि कोल्हा-कुत्रं लांबून दिसेल असं मोकळं मैदान. आता ऑफिसांची आवारं, गोल्फची मैदानं आणि सोसायट्यांची तळी आठवून पाहा. खत घालून, पाणी मारून, दर आठवड्याला कापून आपण त्याला पानच वाढून ठेवतो. गवतातलं थोडंच अंगी लागतं, म्हणून सतत चरायचं, आणि पुढचं आत जायला मागचं बाहेर. दिवसातून डझनावारी वेळा.

हाकलायचे उपाय मात्र एकाहून एक. बॉर्डर कॉली जातीचे कुत्रे भाड्यानं मिळतात. ते चावत नाहीत, नुसते दबा धरून डोळे वटारतात. वैतागलेला थवा उडतो आणि शेजारच्या कंपनीच्या हिरवळीवर उतरतो. मग शेजारी त्याच कुत्र्यांना बोलावतो. धंदा म्हणावा तर असा! दुसरा उपाय म्हणजे गवतावर मिथाइल अँथ्रॅनिलेट फवारणं. द्राक्षाच्या स्वादाच्या गोळ्यांना जो वास असतो, तो याचाच. आपल्या तोंडाला पाणी सुटतं, पक्ष्यांना मात्र ती चव अजिबात खपत नाही.

तिसरा उपाय अंड्यांना अभ्यंगाचा. अंडी फोडली, तर मादी पुन्हा घालते. म्हणून रीतसर नोंदणी करून अंड्यांना मक्याचं तेल चोळतात. कवचाची छिद्रं बुजतात, आत वाढ थांबते आणि मादी बिचारी उबवत बसते. त्याआधी अंडं पाण्यात सोडून बघायचं. तरंगलं, तर आत पिल्लानं बरंच अंग धरलंय. मग तेलाची बाटली खिशात घालून मुकाट्यानं घरी यायचं.

गुन्हा पाहुण्याचा, शिक्षा जावयाला

15 जानेवारी 2009. न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत हंस घुसले आणि कॅप्टन सलेनबर्गर यांनी ते हडसन नदीवर उतरवलं. 155 च्या 155 जण वाचले. इंजिनातली पिसं स्मिथसोनियन संस्थेच्या प्रयोगशाळेत गेली. पीस जिथे उगवतं तिथल्या पाण्याची खूण त्यात राहते. त्यावरून निघालं, की हे हंस न्यूयॉर्कचे रहिवासी नव्हतेच, उत्तरेकडून आलेले प्रवासी होते. तरी त्या उन्हाळ्यात शहरानं हजारावर स्थानिक हंस पकडून मारले. पकडणं सोपं, कारण पिसं झडून नवी येईपर्यंत, उन्हाळ्यातला महिनाभर, त्यांना उडताच येत नाही.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठानं जरा शहाणपणाचा मार्ग काढला. वसंतात आवारात कुठे कुठे घरटी आहेत, याचा तिथे नकाशाच निघतो. पुण्याहून गेलेलं पोरगंसुद्धा तो बघून वर्गाची वाट ठरवतं, कारण घरट्याशेजारी नर पहाऱ्याला उभा असतो आणि त्याला कुणाच्या परीक्षेचं सोयरसुतक नसतं. अंगावर आलाच, तर पाठ दाखवून पळायचं नाही. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरकायचं.

रूझवेल्ट पार्कात मी हे सगळं एका आजींना रंगवून सांगत होतो. पावानं पोट भरतं पण पोषण होत नाही, आणि आयतं मिळालं की हे इथून हलत नाहीत, हेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग पिशवीतून कालची पोळी काढली आणि कुस्करू लागल्या.

“अहो आजी!”

“दारात आलेल्याला उपाशी ठेवू का?” आजी म्हणाल्या. तोवर सोळा काळ्या माना एकदम वर झाल्या होत्या.