वेचणीच्या दिवसांतली अंगणवाडी

सकाळी 6

डिसेंबरात पोडावर उजाडतं ते शेकोट्यांच्या धुरात. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, झरी-जामणी तालुक्यात, कोलामांच्या अशा तीस-चाळीस घरांच्या वस्त्या आहेत. इकडे त्यांना पोड म्हणतात. मी पांढरकवड्याची. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून कापसाच्या हंगामात आठवड्यातले काही दिवस इथल्या अंगणवाडीत हाताखाली काम करायला येते आणि सेविकेच्याच घरी मुक्काम करते. ती पोडातलीच सून, स्वतः कोलाम. वयानं माझ्या मुलीएवढी असली तरी सगळं पोड तिला ‘बाई’ म्हणतं, म्हणून मीही म्हणते.

बाई पाचलाच उठलेली असते. तिचं पाणी भरून, भाकरी थापून होते तोवर शेजारच्या घरांतूनही भाकऱ्यांचा आवाज यायला लागतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्यामुळे वावरात जितकं लवकर पोचावं तितकं बरं, असा प्रत्येकीचा हिशोब असतो.

सकाळी साडेसात

अंगणवाडीची सरकारी वेळ अजून व्हायची आहे, पण कुलूप निघालेलं असतं. हंगामात हे बाईनं स्वतःहून सुरू केलं. त्यासाठी कुठलाही आदेश नाही आणि वेगळा पैसाही नाही.

पहिली येते ती सव्वा वर्षाच्या पोराची आई. पोरगा जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, नाक वाहतंय. बाईशी ती कोलामीत बोलते, माझ्याकडे वळून मराठीत सांगते, “रातभर खोकलला हा, आजी. वावरात नेत नाई आज. बाराले येतो मी पाजाले.” मी पोराला घेते. तो माझ्याकडे बघून भोकाड पसरतो. बाई चुलीपाशी असते, तिथूनच ती त्याच्याशी बोलायला लागते. आवाज ओळखीचा निघाल्यावर रडणं हुंदक्यांवर येतं. मग मी मुकाट्यानं पोरगं तिच्याकडे देते आणि चूल माझ्याकडे घेते.

इथं मी जे शिकले ते हेच. लहान लेकराला दिवसभर एकच माणूस लागतं, ओळखीचं, त्याच्या बोलीतलं. बाहेरून आलेल्यानं त्या माणसाच्या हातातलं बाकीचं काम काढून घ्यावं. मी लाकडं लावते, तांदूळ निवडते, भांडी घासते, रजिस्टरांच्या रेघा मारते. पोरं बाईची.

वेचणीला निघालेल्या आईपुढे तीन वाटा असतात. एक, लेकरू वावरात न्यायचं आणि बांधावरच्या बाभळीला झोळी बांधायची. तिथं ऊन फिरलं की झोळी हलवायची, विंचू-काट्याकडे लक्ष ठेवायचं, आणि फवारलेल्या पऱ्हाटीत रांगणारं पोर पानं तोंडात घालत नाही ना, तेही बघायचं. याच जिल्ह्यात 2017 साली फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले; ती धास्ती अजून गेलेली नाही. दुसरी वाट म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या बहिणीला शाळेतून घरी ठेवून घ्यायचं. शाळेच्या हजेरीपटावर नोव्हेंबरपासून मुलींच्या नावापुढे गैरहजेरी कशी वाढत जाते, हे मी नोकरीत वर्षानुवर्षं पाहिलं आहे. तिसरी वाट या कुलूप काढलेल्या खोलीची.

सकाळी 10

आता मोठी पोरं येतात, तीन ते सहा वर्षांची. त्यांची अंगणवाडी खऱ्या अर्थानं आत्ता सुरू होते. हातपाय धुणं, केस विंचरणं, नखं पाहणं, मग गोल करून गाणी. ‘आकार’ अभ्यासक्रमाची पुस्तिका मराठीत आहे. पोरांच्या घरात कोलामी बोलतात. ती द्रविड कुळातली भाषा, मराठीशी तिचं कूळ जुळत नाही. मराठीतून शिकवणारी बाहेरची बाई पोरांना दोन-दोन महिने कळत नाही आणि गप्प बसलेलं पोर मंद आहे अशी शाळेत नोंद होते. आमच्या बाईकडे तो प्रश्न येत नाही. ती गोष्ट कोलामीत सांगते, गाणं मराठीत म्हणून घेते आणि रंगांची, आकड्यांची नावं दोन्हींत घोळवते.

खेळणी म्हणून सरकी, सागाची पानं, चिंचोके, गारगोट्या. या रीतीची मुळं 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत सापडतात. ताराबाई मोडकांनी तिथं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या, आणि वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाईंनी पोरांना आंघोळ घालणं हेही शिक्षणच मानलं होतं. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. आपण महाराष्ट्रातल्यांनी याचा अभिमान जरूर बाळगावा, पण ताराबाईंनी ज्या कारणासाठी अंगण निवडलं ते कारणही लक्षात ठेवावं. पोराची आणि त्याच्या घराची सोय त्यांनी आधी पाहिली, संस्थेची नंतर.

सकाळी साडेअकरा

आज वजनाचा दिवस. बाई एकेकाला काट्यावर घेते, मी आकडा लिहिते. सकाळचा खोकणारा पोरगा झोपलेला असतानाच ती त्याच्या डाव्या दंडाला पट्टी गुंडाळते. पट्टीवर तीन रंग. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. पट्टी पिवळ्यात थांबते. बाई ती सोडून पुन्हा एकदा गुंडाळते, घट्ट न ओढता, कातडीला नुसती टेकेल अशी. पुन्हा पिवळा. ती काही बोलत नाही. लाल शाईच्या पेनानं नावापुढे खूण करते आणि आशाताईला फोन लावायला दाराबाहेर जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 35 टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली आढळली. हा राज्याचा सरासरी आकडा. कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित जमातींच्या वस्त्यांवर काय असेल ते या खोलीत बसलं की समजतं.

दुपारी साडेबारा

जेवण. खिचडी, उसळ आणि आज अंडं. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण ताट मिळतं, लहानग्यांना अंडी किंवा केळी. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून दिवसाला किती उष्मांक आणि किती प्रथिनं मिळावीत, याचं प्रमाण ठरलेलं आहे. बाई अंडं सोलून देत नाही, पोरांकडून सोलून घेते. चार वर्षांची एक मुलगी टरफलाचा एकेक तुकडा काढून ओळीनं मांडत बसते, तिचं जेवण सगळ्यांच्या शेवटी होतं आणि तिला कुणी घाई करत नाही.

खोकणाऱ्या पोराची आई धापा टाकत येते. पाजता पाजताच बाई तिला दंडाच्या पट्टीचं सांगते, उद्या सिस्टरबाई येणार तेव्हा थांब म्हणते. आई मान हलवते. मग मला म्हणते, “उद्या थांबलो त पंधरा किलो गेले, आजी.” ती बेफिकीर नाही. एका दुपारच्या येण्याजाण्यातच तिचे दोन-तीन किलो जातात, ते ती रोज सोसते.

1948 च्या कारखाना कायद्यानं पन्नासहून अधिक, आणि 1976 च्या दुरुस्तीनंतर तीसहून अधिक बायका कामाला असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यातही कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन बसवायची तरतूद झाली. म्हणजे कापूस जिनिंगच्या फाटकात शिरला की वेचणारीच्या बहिणीला पाळणाघराचा हक्क लागतो. त्याच कापसाच्या वावरात मात्र तीस बायका वाकलेल्या असल्या तरी कायद्याला त्यांची लेकरं दिसत नाहीत.

दुपारी अडीच

मोठी पोरं घरी जातात. नियमानं अंगणवाडी संपली. खोलीत उरतात ती तीन वर्षांखालची, ज्यांच्यासाठी सरकारी हिशोबात घरी न्यायचा आहार आहे, दिवसभराची जागा नाही. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कोलामांसारख्या जमातींच्या वस्त्यांवर नव्या अंगणवाड्याही धरल्या आहेत. दोन्ही गोष्टी एकत्र पोडावर याव्यात आणि कापूस फुटण्याच्या आत याव्यात, एवढीच आमची मागणी.

पोरं झोपली की दुपारी थोडं बोलता येतं. सुट्ट्यांत शहरांतून कॉलेजची मुलं इकडे येतात, आठ-पंधरा दिवसांसाठी. मनानं चांगली असतात, खाऊ आणतात, पोरांना कडेवर घेऊन फिरतात. आठव्या दिवशी जातात आणि नवव्या दिवशी पोरं दारात बसून रडतात. पुढच्या वर्षी नवीन चेहरे. ज्या वयात पोर माणसावर विश्वास टाकायला शिकतं, त्या वयात हे दरसाल घडू नये असं मला कळकळीनं वाटतं. जगभर हाच प्रश्न आहे. ग्वाटेमालात माया लोकांच्या डोंगरातल्या गावांत परदेशी स्वयंसेवक पाळणाघरांना मदत करायला जातात. तिथं किचे, काक्चिकेल, माम अशा कितीतरी माया भाषा घरांत बोलल्या जातात आणि पाहुणा फार तर स्पॅनिश शिकून आलेला असतो. त्याच देशात 1991 पासून दुसराही एक प्रयोग झाला. सरकारी मदतीवर वस्तीतल्याच एका बाईनं आपल्या घरात शेजारच्या दहाएक मुलांना, कामावर गेलेल्या आया परत येईपर्यंत, सांभाळायचं. मला हे आमच्या पोडाच्या फार जवळचं वाटतं. बाहेरच्यांनी मदत करावी ती अशा बाईला.

म्हणून येणाऱ्या मुलांना आम्ही आता कामाची यादी देतो. छप्पर शाकारणं, पाण्याची टाकी धुणं, वजनाच्या नोंदी तपासून देणं, कोलामी गोष्टींची चित्रं काढणं. बहुतेक मुलं ती आनंदानं करतात. दोघीजणी चित्रांसाठी वर्षभर घरून काम करत राहिल्या.

दुपारी साडेचार

शाळेतून मोठ्या बहिणी येतात, दप्तरासकट इथंच. लहानग्यांना खेळवतात, पण अभ्यास झाल्यावर. हा बाईचा नियम. अंधार पडायच्या आत सगळ्यांचं घरी पोचणं इथं महत्त्वाचं. टिपेश्वरचं अभयारण्य याच भागात आहे. 2018 साली अवनी वाघिणीच्या दहशतीनं राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात वेचणीला जायलाही लोक धजत नव्हते. अजूनही बायका वावरातून निघतात त्या घोळक्यानंच.

संध्याकाळी 6

आया परततात. बोटांना बोंडाच्या टोकांचे ओरखडे, कमरेत वाक. प्रत्येकीला बाई दारातच दिवसाचा हिशोब देते. काय खाल्लं, किती झोपला, शी कशी झाली, कुठं खरचटलं. यात ती कधी टाळाटाळ करत नाही. आई लेकरू घेते आणि बाईपाशी दोन मिनिटं थांबते. पोडावरची निम्मी आरोग्यसेवा या दोन मिनिटांत होते, असं माझं मत आहे.

संध्याकाळी साडेसात

आता बाईचं मोबाइलवरचं काम. पोषण ट्रॅकरवर हजेरी, वजनं, आहार भरायचा. घरी न्यायच्या आहारासाठी आईचा चेहराही मोबाइलवर जुळवावा लागतो, आणि आई तर दिवसभर वावरात. म्हणून ते रात्रीच. नेटची रेंज चावडीच्या मागच्या चढावर येते. मी विजेरी धरते, ती भरते. सकाळी साडेसातपासून आत्तापर्यंतच्या या कामाला सरकारदरबारी मानसेवी काम म्हणतात आणि त्याचं मानधन मिळतं. 25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. पुढच्या वर्षी 4 डिसेंबरपासून राज्यातल्या सेविका पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. त्या संपाला आमची बाई गेली होती, आणि मी तिच्या बाजूची आहे.

रात्री चावडीवर बायका जमतात. हा भाग ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखाली येतो, आणि आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतीच्या हाती पडतो. आरोग्य आणि शिक्षणावर तो खर्च करता येतो. त्यातून वेचणीचे चार महिने, सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा, बाईच्या जोडीला पोडातलीच एक मदतनीस मजुरीवर लावावी, असा अर्ज ग्रामसभेपुढे ठेवायचा आहे. मजकूर मी लिहिते, बायका सांगतात. खोकणाऱ्या पोराची आईही आहे, पोर मांडीवर.

“मजुरी किती लिहू?” मी विचारते.

“वेचाईत पडते तेवढी,” ती म्हणते. “कमी लिहू नका. कमी लिहिली त कोणी येनार नाई.”

तेवढीच लिहिली. खाली बावीस अंगठे आणि नऊ सह्या झाल्या. ग्रामसभा येत्या मंगळवारी आहे.