टेलिफोनची तार आणि तिचा वाहक

यवतमाळच्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत लहानसा वाद झाला. बैठकीच्या खोलींतील तांब्याच्या तारेचा जुना टेलिफोन काढून काचतंतूची नवी जोडणी घ्यावी, असें चिरंजीवांचें म्हणणें. आजोबांचा त्यास साफ नकार. 'लाईन', 'ट्रंक', 'चॅनल', 'कॅरियर' हे शब्द सर्वांच्या तोंडीं होते. परंतु प्रत्येकाच्या मनांतील अर्थ निराळा होता. निर्णयापूर्वीं हे शब्दच नीट समजून घ्यावेत, असें आम्हांस वाटलें. त्यांतूनच हा लेख सिद्ध झाला.

प्रथम 'लाईन'. घरापासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या दोन तारा जातात; त्या जोडीस 'पेअर' म्हणतात. दोन्ही तारा एकमेकींस पीळ देऊन वळलेल्या असतात. त्यामुळें शेजारच्या जोडींतील बोलणें आपल्या कानीं येण्याचें पुष्कळसें टळतें. आपण रिसीव्हर उचलला कीं या दोन तारांचें वर्तुळ पुरें होतें व एक्स्चेंजमधील सुमारें 48 व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह त्यांतून वाहूं लागतो. या वर्तुळास 'लूप' ही संज्ञा आहे. प्रवाह सुरू होतांच एक्स्चेंजला ग्राहकाची चाहूल लागते, आणि तो परिचित गुंजारव, म्हणजे डायल टोन, ऐकूं येतो. तार तुटली तर हा ध्वनि मुळींच येत नाहीं. पावसाळ्यांत नुसती खरखर येऊं लागली, तर बहुधा तारेच्या सांध्यांत पाणी शिरलेलें असतें. तक्रार नोंदवितांना एवढा भेद सांगितला, तरी दुरुस्ती करणाराचें काम हलकें होतें.

'ट्रंक' म्हणजे झाडाचें खोड. घरोघर गेलेल्या तारा या फांद्या, आणि एका एक्स्चेंजपासून दुसऱ्यापर्यंतचा मार्ग हें खोड. पूर्वीं यवतमाळहून नागपुरास बोलावयाचें, तर ट्रंककॉल नोंदवून वाट पाहात बसावें लागे. ग्राहकानें स्वतः डायल करून परगांवीं बोलण्याची सोय आपल्या देशांत 1960 सालीं कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान प्रथम झाली. ती सोय पसरली तसे गांवोगांवचे संकेतांक लोकांना पाठ झाले: यवतमाळचा 07232, पुसदचा 07233, वणीचा 07239.

परंतु एका वेळीं एकाच जोडीवर एकच संभाषण चालवावयाचें, तर दूरच्या मार्गांवर तारांचा खर्च कोणास परवडणार? या अडचणींतून 'कॅरियर', म्हणजे वाहक, जन्मास आला. टेलिफोनांत मनुष्याचें बोलणें सेकंदास 300 ते 3400 कंपनें एवढ्या पट्ट्यांत बसविलेलें असतें. तार मात्र याहून कितीतरी अधिक कंपनें वाहूं शकते. तेव्हां प्रत्येक संभाषण एकेका उच्च कंपनाच्या लहरीवर आरूढ करावयाचें, आणि पलीकडे गाळणी लावून पुन्हां वेगळें काढावयाचें. ती लहर म्हणजे कॅरियर, व संभाषणास मिळालेली जागा म्हणजे चॅनल. प्रत्येक चॅनलास 4,000 कंपनांची जागा देऊन 60,000 पासून 1,08,000 पर्यंत 12 चॅनलांचा एक गट बसवीत असत. मूर्तिजापूरहून यवतमाळास येणाऱ्या 'शकुंतले'नें ज्यांनीं प्रवास केला असेल, त्यांनीं रूळ म्हणजे तार, डबा म्हणजे कॅरियर आणि उतारू म्हणजे बोलणें असें समजावें. फरक एवढाच, कीं येथें सर्व डबे एकाच रुळावरून एकाच वेळीं धांवतात! पुढें आवाजाचे अंक करून पाठविण्याची पद्धति आली व ही जुनी यंत्रणा मागें पडली. तरी तत्त्व टिकून आहे. तांब्याच्या त्याच जोडीवर बोलण्याच्या वरच्या पट्ट्यांत इंटरनेट येतें, आणि म्हणूनच टेलिफोनला ती लहानशी फिल्टरची डबी लावतात.

'कॅरियर'चा दुसरा अर्थ सेवा पुरविणारी कंपनी. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर 20 जानेवारी 2011 पासून मिळाली. मात्र ती मोबाईलपुरती आहे. जुन्या तारेचा क्रमांक सोडतांना हें ध्यानांत असावें.

आतां मूळ वादाकडे वळूं. तांब्याच्या साध्या टेलिफोनास वीज एक्स्चेंजमधूनच मिळते. घरचे दिवे गेले तरी तो बोलतो. काचतंतूंतून येतो तो प्रकाश. त्याबरोबर यंत्र चालण्याजोगी वीज येत नाहीं. भिंतीवरची पेटी घरच्या विजेवर चालते. वादळी रात्रीं वीज गेली आणि घरांत कोणाच्या छातींत कळ आली, तर हाच भेद प्राणांशीं येऊन भिडतो. आजोबांचा हट्ट निव्वळ जुन्याच्या मायेचा नव्हता, हें तेव्हां चिरंजीवांस उमगलें. आणि नव्या तारेचा वेग मुलांच्या अभ्यासास हवा, हें आजोबांनींही मान्य केलें.

अखेर नवी जोडणी आली, पण पेटीस बॅटरीचा आधार देऊनच. टेलिफोनशेजारीं सुनबाईंनीं ठळक अक्षरांत एक कागद चिकटविला आहे: संकटांत 112; रुग्णवाहिकेस 108; घरच्या टेलिफोनवरून मोबाईल लावतांना आधीं शून्य. हा शून्याचा नियम 15 जानेवारी 2021 पासूनचा आहे. घाईंत नेमका तोच विसरतो. आमच्या वाचकांनींही जुनी तार सोडण्यापूर्वीं घरांतील सर्वांना एकत्र बसवून एवढे शब्द समजावून द्यावे, आणि तसा एक कागद आपल्या घरीं लावावा, अशी आमची विनंती आहे.