नैराश्याच्या गोळ्या : सुरू करताना आणि बंद करताना

नैराश्य हा आजार आहे, मनाचा दुबळेपणा नव्हे. मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत घेतो, पण ही गोळी मात्र लपवून घेतो. लपवण्यातूनच चुका होतात. म्हणून काही गोष्टी आपण नीट समजून घेऊ.

एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी, झोपेतील बदल हे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवू शकतात. गुण नाही आणि त्रास तेवढा आहे, असे वाटून अनेकजण इथेच गोळी सोडतात. हे त्रास बहुधा ओसरतात. न ओसरल्यास डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलून देतात.

सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी जवळ राहावे. विशेषतः २५ वर्षांखालील रुग्णांत या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. बेचैनी वाढली, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे सुरू झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. गोळ्या घरातील जबाबदार माणसाने कुलपात ठेवाव्यात. अमिट्रिप्टिलिनसारखे जुने औषध जास्त घेतल्यास हृदयावर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो.

बरे वाटले तरी औषध निदान ६ महिने चालू ठेवावे लागते. एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके असा त्रास होतो. याचा अर्थ व्यसन लागले असा नाही. शरीराला औषध सरावलेले असते, म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. दिवस गेले असतील तरी परस्पर गोळी थांबवू नये.

दारू टाळावी. मेडिकलमधून वेदनेची गोळी किंवा खोकल्याचे औषध घेताना चालू औषध दाखवावे. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फॅन सोबत गेल्यास क्वचित ताप, थरथर, खूप घाम, भ्रम अशी लक्षणे दिसतात. तेव्हा लगेच रुग्णालय गाठावे.

बोलायला कोणी नसेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक लावावा. ही सरकारी सेवा मोफत, चोवीस तास आणि मराठीतही मिळते. जिवाला धोका वाटत असेल, तर मात्र थेट रुग्णालयात न्यावे आणि रुग्णाला एकटे सोडू नये.